वाचकांचे प्रश्न : हार्मोनिक्स का घुसमटतात?

प्रश्न : गिटारवादक मिगेल ल्योबेत यांनी गिटारसाठी बांधलेलं ‘एल तेस्तामेंत द’अमेलिया’ हे कातालान (स्पेनमधल्या कातालोनियातलं) लोकगीत वाजवतो. हार्मोनिक्स (तारेला बोट नुसतं टेकवून छेडल्यावर उमटणारे घंटेसारखे स्वर) नीट उमटत नाहीत, शिवाय सहावी तार बेसूर होते. काय चुकतंय?

उत्तर : आधी तार. या रचनेसाठी ती ‘ई’ स्वरावरून ‘डी’वर उतरवावी लागते. तशी उतरवली की ताण सावकाश सारखा होतो आणि सूर वर सरकतो. म्हणून ‘डी’च्याही किंचित खाली उतरवा, तार हलकेच ओढा, मग वर चढवत सूर लावा. तिचा बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक मोकळ्या चौथ्या तारेशी जुळला पाहिजे.

हार्मोनिक्सची चूक बहुधा जागेची असते. डाव्या हाताने तिसरा पडदा दाबला असेल, तर उजवी तर्जनी त्याच्या बारा पडदे पुढे, म्हणजे पंधराव्या पडद्याच्या धातूच्या पट्टीवर बरोबर टेकवा, दोन पट्ट्यांच्या मधे नाही. अनामिकेने छेडा आणि तर्जनी लगेच उचला. रेंगाळली की सूर घुसमटतो. अनामिका तर्जनीपासून जितकी दूर, तितका नाद भरदार.

पहिले काही दिवस फक्त चाल वाजवा, अंगठ्याचे खर्ज स्वर नंतर. आणि चाल आधी गुणगुणून बघा. मूळ गाणंच आहे ते, श्वास कुठे घ्यायचा हे गळ्याला लवकर कळतं.