वाचक विचारतात : छोटी मदत, नेमकी मदत

दुसऱ्यासाठी काही करावे असे मनात येते, पण अडते कुठे, असे आम्ही वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांतल्या सहा प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत. पत्रे बरीच वेगवेगळी असली तरी बहुतेकांची अडचण एकच दिसते. इच्छा भरपूर आहे, पण मदत समोरच्याच्या गरजेशी जुळत नाही, आणि मग दोन्हीकडे अवघडलेपण उरते.

शेजारच्या वहिनींचे यजमान अर्धांगवायूच्या झटक्याने पंधरा दिवस दवाखान्यात आहेत. ‘काही लागलं तर नक्की सांगा’ असे मी दोनदा म्हणाले, पण त्यांनी काहीच सांगितले नाही. आणखी काय करू? — एक वाचिका, सातारा

तुम्ही ते मनापासूनच म्हणालात. पण त्या वाक्यामुळे सगळे काम पुन्हा वहिनींच्याच गळ्यात पडते. काय लागेल ते आठवायचे, ते कोणाला सांगायचे ते ठरवायचे आणि संकोच मोडून फोन करायचा. पंधरा दिवस झोप नसलेल्या माणसाला यातले काहीच जमत नाही. म्हणून दिवस, वेळ आणि काम तिन्ही तुम्हीच सांगा. ‘वहिनी, गुरुवारी रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत मी तिथे बसते, तुम्ही घरी जाऊन झोपा.’ याला ‘हो’ किंवा ‘नको, शुक्रवारी चालेल’ एवढेच उत्तर द्यावे लागते.

डबा देणार असाल तर आधी चौकशी करा. पहिल्या आठवड्यात एकाच संध्याकाळी चार डबे येतात आणि पुढच्या गुरुवारी दुपारी एकही येत नाही. इमारतीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक कागद करावा. त्यावर तारीख, दुपार की रात्र आणि कोणाचे घर एवढे लिहिले की पुरते. डबा सोबत बसणाऱ्याचा असावा, रुग्णाचा नव्हे. झटका आलेल्या रुग्णाला बरेचदा नीट गिळता येत नाही. घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसात संसर्ग होतो. त्यामुळे नर्सला विचारल्याशिवाय चमचाभर पाणीही पाजू नये. प्रेमाने आणलेला शिरा इथे घात करू शकतो.

सोबतीच्या डब्यात गार झाल्यावरही खाता येईल असे द्या. दशम्या, थालीपीठ, कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी चालते. पातळ रस्सा नको, कारण तो कॉटच्या कडेला मांडीवर घेऊन खाता येत नाही. भात आणि दूध-दह्याचे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नयेत, एप्रिल-मेच्या उन्हात तर तासाभरातच संपवावेत. आणि डब्याचे एक लक्षात ठेवा. आपल्याकडे रिकामा डबा परत पाठवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. दवाखान्यात धावपळ करणाऱ्या बाईच्या मनावर हे सहा डब्यांचे ओझे कशाला? ‘डबा मीच उद्या घेऊन जाईन, धुऊ नका’ असे देतानाच सांगून टाका.

कागदपत्रांच्या कामात तर माणूस हवाच असतो. दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल, तर तिथे आरोग्यमित्राचा कक्ष असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स घेऊन त्या रांगेत कोणी उभे राहिले, तर वहिनींचा अर्धा दिवस वाचतो. घरचे दूध, तुळशीला पाणी, लांब वायरचा चार्जर अशी कामे न विचारता केली तरी चालतात. रुग्ण घरी आला की भेटायला येणारे एकदम थांबतात, आणि खरी दमछाक तेव्हाच सुरू होते. तुमचे दोन गुरुवार त्या दिवसांसाठी राखून ठेवा.

घरासमोर पाणपोई सुरू करायची आहे. रस्ता वर्दळीचा आहे. रोज साधारण दीडशे माणसे पाणी पितील. तयारी काय करावी? — एक वाचक, परभणी

माणशी पाव लिटर ते तीनशे मिलिलिटर धरले तर दीडशे जणांना सुमारे ३८ ते ४५ लिटर लागेल. पण हल्ली सामान पोहोचवणारी मुले आणि रिक्षावाले बाटल्याही भरून नेतात, म्हणून ७० ते ८० लिटरची सोय ठेवा. एकच मोठा रांजण घेण्यापेक्षा पस्तीस-चाळीस लिटरचे दोन घ्या. माठातले पाणी गार व्हायला पाच-सहा तास लागतात. एकच रांजण असेल तर दुपारी त्यात नवे पाणी ओतावे लागते, आणि नेमके दोन वाजता, गरज सर्वांत जास्त असताना, लोकांना कोमट पाणी मिळते. दोन्ही रांजण आदल्या रात्री भरा. पहिला रिकामा झाला की दुसरा उघडा.

माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि आतली उष्णता निघून जाते. म्हणून परभणीच्या कोरड्या हवेत माठ छान काम करतो, रत्नागिरीच्या दमटपणात तेवढा नाही. त्याला सावली हवी, पण वाराही हवा. तीन बाजूंनी पत्रा ठोकून खोके केले तर पाणी गार होणार नाही. तिवईखाली ओल्या वाळूची परात ठेवा आणि रांजणाला ओले गोणपाट गुंडाळा. नवा माठ आधी दिवसभर पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी टाकून द्या. असे दोन-तीनदा केले की मातीचा वास जातो. साबण अजिबात लावू नका, माती तो शोषून घेते. काथ्याने घासून कडक ऊन दाखवा. बोअरचे पाणी जड असेल तर क्षारांनी छिद्रे बुजतात आणि पुढच्या वर्षी तोच माठ गार करत नाही. तो फुलझाडाला द्या आणि नवा घ्या.

पाणपोई बिघडते ती पाण्यात हात गेल्यामुळे. रांजणाला खाली तोटी बसवून घ्या. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि वर घट्ट झाकण. पाणी नळाचे नसेल तर क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला आणि अर्धा तास थांबून वापरायला काढा. रोज उरलेले पाणी झाडांना घालून रांजण कोरडा करा. ‘कालच्यात थोडे आजचे’ असे चालू राहिले की आठवड्यात आतून बुळबुळीत थर येतो. बाटल्यांसाठी एक नरसाळे टांगून ठेवा, सांडणारे पाणी निम्म्याने कमी होईल. तरी सांडणारच. त्यासाठी विटांचे तुकडे भरलेला छोटा खड्डा काढा, नाहीतर चिखल होतो, डास होतात आणि शेजाऱ्यांची तक्रार येते.

सरबत ठेवण्याचा मोह होतो, पण त्यावर माशा येतात आणि मधुमेही माणसाला ते चालत नाही. त्याऐवजी उन्हाने गळालेल्या माणसासाठी ओआरएसची चार-पाच पाकिटे हाताशी ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात एक पूर्ण पाकीट विरघळवायचे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. माणूस बरळू लागला असेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडाने काही देऊ नका. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ला फोन करा.

गुढीपाडव्याला नारळ फोडून सुरू झालेल्या अनेक पाणपोया मेमध्ये कोरड्या पडतात. कारण भरणारा माणूस एकटा असतो आणि तो सुट्टीत गावी जातो. सात दिवसांची सात घरे आधी ठरवा, मग रांजण विकत घ्या. मोठा पाऊस सुरू झाला की पाणपोई बंद करा.

मी सगळ्यांना मदत करते. तरी मला आनंद होत नाही, थकवा येतो. दुसऱ्यासाठी केल्याने सुख मिळते, हे खरे आहे का? — एक वाचिका, डोंबिवली

खरे आहे, पण कसेही केले तरी मिळते असे नाही. २००८ साली एलिझाबेथ डन, लारा अॅकनिन आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी कॅनडातला एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळी लोकांना पाकिटातून ५ किंवा २० डॉलर दिले. काहींना सांगितले की संध्याकाळी पाचच्या आत हे स्वतःवर खर्च करा, काहींना सांगितले की दुसऱ्यावर करा. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी आढळले. ५ डॉलर की २०, याने फरक पडला नाही. लोकांचा अंदाज मात्र उलटा होता, २० डॉलर स्वतःवर खर्च करणारेच जास्त खूश असतील असा.

तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचा प्रयोग मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांचा आहे. विद्यार्थ्यांना सहा आठवडे दर आठवड्याला पाच चांगली कामे करायला सांगितली होती. ज्यांनी ती एकाच दिवशी केली त्यांचा आनंद वाढला. आठवडाभर विखरून करणाऱ्यांचा तसा वाढला नाही. छोटी कामे रोजच्या रहाटगाडग्यात मिसळली की ती वेगळी जाणवतच नाहीत, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

तुमच्या पत्रात ‘सगळ्यांना’ हा शब्द चार वेळा आला आहे. सोसायटीचा हिशेब, नणंदेच्या मुलांची शिकवणी, मैत्रिणीचे बँकेचे काम, यातले तुम्ही निवडलेले किती आणि नाही म्हणता आले नाही म्हणून अंगावर पडलेले किती? एका कागदावर दोन रकाने करून लिहून काढा. दुसऱ्या रकान्यातले एक काम या महिन्यात परत द्या. ‘जूनपासून मला जमणार नाही, वह्या मी ३१ तारखेला पूर्ण करून देते’ एवढे पुरे, कारणे सांगत बसू नका. कारण दिले की त्यावर तोडगा सुचवला जातो. पहिल्या रकान्यातले जे काम मनापासून आवडते, त्याला आठवड्याचा एक ठरलेला दिवस द्या. आणि ज्याच्यासाठी करता त्याचा चेहरा दिसेल असे काम निवडा. ऑनलाइन पैसे पाठवणेही चांगलेच, पण थकलेल्या मनाला माणूस दिसण्याची गरज असते.

चौकातल्या ‘माणुसकीच्या भिंती’वर गरजूंसाठी कपडे ठेवायचे आहेत. कोणते ठेवू? — एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या भावाला जे देताना लाज वाटणार नाही, तेच. धुतलेले, बटणे आणि चेन तपासलेली, खिसे रिकामे. चपला-बूट जोडीने दोरीने बांधा, सुटी झालेली एक चप्पल कोणाच्याच कामाची नसते. साडीसोबत परकर द्या. पँटवर कमरेचे माप कागदावर लिहून टाचा, म्हणजे रस्त्यात उभे राहून अंगाला लावून पाहावे लागत नाही. पावसाळ्यात कपडे भिजून बुरशी धरतात, तेव्हा काहीच ठेवू नका. घेणाऱ्याचा फोटो कधीही काढू नका.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी लेखनिक व्हायचे आहे. कधी केलेले नाही. चुका होतील का? — एक विद्यार्थिनी, नागपूर

होतील, म्हणून आधी एक सराव पेपर त्या विद्यार्थ्यासोबत लिहा. पण त्याआधी नियम पाहा. अनेक परीक्षांत लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे लागते, म्हणजे तुम्ही बीएच्या तिसऱ्या वर्षाला असाल तर तिसऱ्या वर्षाचा पेपर लिहिता येणार नाही. अर्ज, फोटो आणि ओळखपत्र आधीच जमा करायचे असते. केंद्रावर पाऊण तास आधी पोहोचा. तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. मनगट दुखते, हलके पेन घ्या.

पेपर हातात आला की आधी तो पूर्ण वाचून दाखवा, प्रश्न आणि गुण दोन्ही, म्हणजे काय आधी लिहायचे ते त्याला ठरवता येईल. प्रत्येक प्रश्न सावकाश, दोनदा वाचा. तो सांगेल तेच लिहा. उत्तर चुकते आहे हे दिसले तरी सुधारू नका, सूरही बदलू नका. तो अडखळला तर शेवटचे लिहिलेले वाक्य वाचून दाखवा, धागा परत सापडतो. विशेषनामांचे स्पेलिंग विचारून घ्या. दर अर्ध्या तासाने किती वेळ उरला ते सांगा.

त्याला वर्गापर्यंत नेताना हात धरून ओढू नका. आपले कोपर पुढे करा, तो ते धरेल आणि अर्धे पाऊल मागे चालेल. नुसते ‘पायऱ्या आहेत’ म्हणू नका, चढायच्या की उतरायच्या तेही सांगा. खुर्ची दाखवताना त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवा. बाजूला जाताना सांगून जा, नाहीतर तो रिकाम्या जागेशी बोलत राहतो. आणि एकदा होकार दिलात की ताप असो वा पाऊस, जायचेच. अगदीच अशक्य झाले तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत बदली माणूस शोधून द्या. लेखनिक आला नाही म्हणून वर्ष गेले, हे नुकसान भरून देता येत नाही.

वाढदिवसाला रक्तदान करावे का? — एक वाचक, मडगाव

जरूर, पण वाढदिवस जानेवारीत असेल तर मे महिन्याचाही विचार करा. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमल्या तर सगळ्या वेळेत वापरल्या जातील असे नाही. उलट मेच्या सुट्टीत आणि दिवाळीत दाते गावाला गेले की तुटवडा पडतो. तुमच्या भागातल्या रक्तपेढीला फोन करून ‘मला कधी बोलवाल?’ असे विचारा.

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५च्या वर हवे. पुरुषांना ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा देता येते. चक्कर येते ती बहुधा रिकाम्या पोटामुळे, म्हणून उपवासाच्या दिवशी जाऊ नका. आधीच्या चार तासांत हलके जेवून घ्या, दोन ग्लास पाणी प्या, आणि दिल्यानंतर पंधरा मिनिटे बसून राहा. स्कूटर कोणाला तरी चालवू द्या.