दुनळीची पट्टी, चांदीचा डाख आणि आचेचा हिशेब

आजोबांच्या दुनळी बंदुकीत नळ्यांमधली पट्टी टोकाशी उचलली आहे. गावातला रेडिएटरवाला डाख देतो म्हणतो. देऊ का?

नका देऊ. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्तीला परवाना लागतो, हे एक. शिवाय रेडिएटरवाल्याचा फ्लक्स, म्हणजे डाख धरावा म्हणून लावायचं द्रव्य, तेजाबी. पट्टीखाली पोकळी असते. तिथे गेलेला फ्लक्स धुऊन निघत नाही आणि नळी आतल्या आत गंजते. इथे राळ लावून कथील-शिशाचाच डाख हवा. तो १८३ अंशांपासून वितळतो, त्यामुळे पोलादाचा कस जात नाही.

बाकीची पट्टी धड आहे का, हे घरीच कळेल. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या सोडवा, दोरीला टांगा आणि नखाने टिचकी मारा. धड जोडी घंटेसारखी घुमते, सुटलेली बद्द वाजते.

दुनळीला काळं ब्लूइंग (पोलादावर काळा थर चढवणं) करून आणलं आणि चार महिन्यांत पट्टी सुटली. ते तर १४० अंशांवर होतं, मग डाख वितळला कसा?

वितळला नाही, खाल्ला गेला. त्या उकळत्या टाकीत कॉस्टिक सोडा असतो आणि तो कथील, शिसं दोन्ही विरघळवतो. वर खार पट्टीखाली शिरून तिथेच मुरतो. माझ्याकडे आलेल्या अशाच एका जोडीची पट्टी उचलली, तर खाली पांढरी पूड आणि पुडीखाली तांबूस खड्डे. फार वाईट वाटलं, नळ्या सुंदर होत्या. दुनळीला सावकाशीचं गंज-ब्लूइंगच करा: गंज चढवायचा, पाण्यात उकळायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. आठवडा गेला तरी चालेल.

माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी) चांदीच्या डाखाने बसवून घेऊ का?

एकनळीवर चालेल. ५६ टक्के चांदीचा डाख ६५० अंशांच्या आसपास पुरता वाहतो. फट मात्र ०.१ मिलिमीटरच्या जवळपास हवी. जुन्या कांड्यांत कॅडमियम असतं, त्याचा धूर जीवघेणा. त्या वापरू देऊ नका. दुनळीवर नकोच, तेवढ्या आचेत पट्टी सुटून येईल.

रायफलच्या बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) लगला, म्हणजे तो अडकवून धरणाऱ्या दातऱ्याला, बारीक तडा आहे. पितळी डाखाने भरता येईल?

अजिबात नाही. पितळी डाखाला ९०० अंशांच्या घरातली आच लागते, तिने लगचं पाणी उतरतं. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड कारखान्यात १९०३ मॉडेलच्या रायफलींचं पोलाद घडवताना कारागीर आच डोळ्यांनी जोखत; काही रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो सांगाडा) जळून ठिसूळ झाले आणि फुटले. म्हणून त्या कारखान्याच्या ८ लाखांखालच्या क्रमांकांच्या रायफली आजही झाडू नयेत असं सांगतात. तुमचा बोल्ट बदलून घ्या, तोवर रायफल कपाटात ठेवा.