निम्मी, पण कुणाच्या निम्मी?

प्रश्न : मी नववीला गणित शिकवते. ३०-६०-९० आणि ४५-४५-९० या त्रिकोणांचे गुणधर्म मुलांना तोंडपाठ आहेत. पण कर्णाऐवजी दुसरी बाजू दिली किंवा आकृती फिरवून काढली, की निम्मी मुलं चुकतात. काय करू?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, माझ्याही वर्गात कितीतरी वर्षं हेच व्हायचं. एकदा एका मुलीनं विचारलं, ‘‘बाई, निम्मी म्हणजे कुणाच्या निम्मी?’’ मी फळ्याकडे पाहिलं. ३० अंशांचा कोन मी प्रत्येक वेळी डाव्या कोपऱ्यात खालीच काढला होता. ‘३० अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी’ हे प्रमेय मुलं शिकलीच नव्हती. ‘उभी बाजू निम्मी’ एवढंच ती शिकली होती.

तेव्हापासून सूत्र मी शेवटी सांगते. आधी दोन मुलांकडून कंपासपेटीतले सारख्या मापाचे ३०-६० चे गुण्ये घेते आणि काटकोनातल्या मोठ्या बाजू एकमेकींना चिकटवून ठेवायला सांगते. समोर समभुज त्रिकोण तयार होतो. गुण्याचा कर्ण ही त्याची पूर्ण बाजू आणि गुण्याची लहान बाजू ही त्याच्या पायाचा अर्धा भाग. ‘कुणाच्या निम्मी’ याचं उत्तर तिथंच मिळतं.

मग कागद. ए-फोर कागदाची २१ सेंटिमीटरची कड आपल्याकडे ठेवायची. लांब कडा जुळवून उभी घडी घालायची आणि उघडायची. आता खालचा डावा कोपरा उचलून त्या मधल्या घडीवर टेकवायचा, पण नवी घडी बरोबर खालच्या उजव्या कोपऱ्यातून गेली पाहिजे. इथं घाई करू देऊ नका, दोन-तीनदा चुकू द्या. कागद उघडला की खाली डावीकडे काटकोन त्रिकोण दिसतो. पट्टी लावली की लहान बाजू सुमारे १२.१ आणि कर्ण सुमारे २४.२ सेंटिमीटर भरतो. उजवीकडचा कोन ३० अंशांचाच का, हे मुलांना शोधू द्या. टेकवलेला कोपरा मधल्या घडीवर आहे, म्हणून तो खालच्या दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर. उजव्या टोकापासूनचं अंतर तर २१ च, कारण कड तीच आहे. म्हणजे पुन्हा समभुज त्रिकोण, आणि घडीनं त्याचा ६० चा कोन दुभागला.

४५ साठी दुसरा कागद घ्या आणि आखूड कड लांब कडेवर आणून घडी घाला. त्या तिरक्या घडीवर तिसऱ्या कागदाची लांब कड ठेवून पाहा, बरोबर जुळते. ४५-४५-९० च्या त्रिकोणात कर्ण बाजूच्या √२ पट असतो. २१ ला √२ नं गुणलं की २९.७ येतात, तीच कागदाची लांबी. हा कागद बनवतातच मुळी १ : √२ या प्रमाणात. आमच्या वर्गात या क्षणी नेहमी गलका होतो, होऊ द्या. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी रचण्याच्या प्राचीन ग्रंथात, चौरसाच्या कर्णावरच्या चौरसाचं क्षेत्रफळ मूळच्या दुप्पट होतं असं सांगितलं आहे, तेही मी इथंच सांगते.

आता तुमची मुख्य अडचण. ६० अंशांसमोरची बाजू ६ दिली, की मुलं लहान बाजू ३ लिहून मोकळी होतात. सूत्रात ‘कर्णाच्या’ हा शब्द आहे आणि कर्ण तर दिलेलाच नाही. म्हणून मी प्रत्येक गणितात बाजूंच्या प्रमाणाची पहिली ओळ सक्तीनं लिहून घेते : ‘३० समोर १, ६० समोर √३, ९० समोर २’. मग दिलेल्या बाजूखाली तिची किंमत लिहायची. √३ च्या जागी ६ आले, म्हणजे १ च्या जागी ६ भागिले √३, अर्थात २√३, आणि कर्ण ४√३. √३ आणि २ यांची अदलाबदल करणाऱ्यांना एवढंच विचारा, ‘‘१.७३ मोठे की २? आणि त्रिकोणात सर्वांत मोठी बाजू कुठली?’’

आकृत्या मात्र आजपासून आडव्या, उलट्या, तिरक्या काढा. काही गणितं तर आकृतीशिवाय, नुसत्या शब्दांत द्या. पुढे त्रिकोणमितीचा तक्ता आला, की याच दोन त्रिकोणांवरून तो मुलांकडूनच भरून घ्या, पाठ करायला देऊ नका. आणि घडी घातलेले ते कागद वहीत चिकटवून ठेवायला सांगा, तेव्हा ते पुन्हा लागतील.