जुने हाय-फाय सेपरेट्स काढून एकच वायरलेस स्पीकर घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, पुनर्विकासानंतर मिळालेल्या दादरच्या नव्या सदनिकेत हॉल लहान आहे, जुने सेपरेट्स, म्हणजे ॲम्प्लिफायर, सीडी प्लेयर, रेकॉर्ड प्लेयर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर अशी सुटी यंत्रे मांडली की टीव्हीला भिंत उरत नाही, आणि हे सगळे काढून एक चांगला वायरलेस स्पीकर आणावा, असे घरच्यांचे म्हणणे आहे. माझे मत थोडक्यात सांगतो. ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेयर खुशाल काढा, पण दोन स्पीकर दोन ठिकाणी ठेवण्याची सोय हातची घालवू नका. जागा अडते ती कपाटातल्या यंत्रांमुळे आणि ऐकण्याचा आनंद मिळतो तो मुख्यतः स्पीकरच्या जोडीमुळे. म्हणून नेमके काय काढायचे, हे आधी ठरवायला हवे.

शोरूममध्ये वायरलेस स्पीकर ऐकला की पहिली छाप हमखास चांगली पडते, आणि ती खोटी नसते. अशा स्पीकरच्या पेटीतच प्रत्येक ड्रायव्हरसाठी, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्यासाठी, वेगळा क्लास-डी जातीचा छोटा ॲम्प्लिफायर असतो, आणि त्याच्या आधी बसलेला डीएसपी, म्हणजे आवाजावर संस्कार करणारी चिप, त्या ड्रायव्हरच्या मर्यादा ओळखून आवाज घडवत असतो. वीत-दीड वीत उंचीच्या पेटीतून एवढा खर्ज कसा निघतो, याचे उत्तर तिथेच आहे. कमी आवाजात डीएसपी खर्ज मुद्दाम वाढवून देतो आणि आवाज चढवला की ड्रायव्हर फाटू नये म्हणून तोच खर्ज गुपचूप मागे घेतो. रात्री शेजाऱ्यांची झोपमोड होणार नाही अशा बेताने ऐकणाऱ्या मुंबईकराला ही तडजोड बहुधा जाणवणारही नाही. ॲम्प्लिफायरवरच्या व्हीयू मीटरचे, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मापकाचे, काटे पाहण्याची हौस नसेल, तर या बाबतीत नवी यंत्रणा जुन्यापेक्षा शहाणी आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

अडचण आहे ती रुंदीची. स्टिरिओचा सगळा खेळ दोन स्पीकर आणि ऐकणारा यांच्यातल्या साधारण समभुज त्रिकोणावर, म्हणजे दोन स्पीकरमध्ये सुमारे ६० अंशांच्या कोनावर चालतो. एकाच पेटीत डावे आणि उजवे ड्रायव्हर हातभरही लांब नसतात. तीन मीटरवर बसलेल्या माणसाला ते जवळजवळ एकाच जागेवरून वाजतात. भिंतीवर आवाज आपटवून रुंदी भासवण्याच्या युक्त्या असतात खऱ्या, पण त्यांना दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर मोकळी भिंत लागते, आणि मुंबईच्या हॉलमध्ये एका बाजूला गॅलरीचे सरकते दार व दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचा मार्ग असतो. प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर ख्यालाच्या मैफिलीचे एखादे चांगले स्टिरिओ ध्वनिमुद्रण लावा. दोन स्पीकर नीट मांडलेले असतील, तर गायक बरोबर मध्ये, म्हणजे जिथे काहीच ठेवलेले नाही अशा जागी उभा राहतो, तबला एका अंगाला, हार्मोनियम दुसऱ्या अंगाला, आणि दोन तंबोऱ्यांचा झंकार मागे पसरलेला असतो. तीच चीज एका पेटीच्या स्पीकरवर लावली की स्वर तेच राहतात, डग्ग्याची घुमारी कदाचित अधिक भरीवही वाटते, पण तंबोरे गायकाच्या आवाजात मिसळून जातात आणि हार्मोनियम व तबला एकमेकांच्या अंगावर येतात.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्याकडच्या श्रोत्यांना विशेष लागू पडतो. स्टिरिओ एलपी पाश्चात्त्य बाजारात १९५८ मध्ये आल्या, पण आपल्याकडची नाट्यपदे, भावगीते आणि चित्रपटगीते त्यानंतरही बराच काळ मोनोच, म्हणजे डावे-उजवे वेगळे न करता, ध्वनिमुद्रित होत राहिली. तुमचे ऐकणे मुख्यतः त्या काळातले असेल, तर एका चांगल्या पेटीवर तुमचे फारसे काहीच बुडत नाही. मोनो गाणे एका जागेवरूनच यायला हवे. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी सीडी आणि रेकॉर्डच्या खणावरून एकदा नजर फिरवा, तो खण कोणत्याही परीक्षणापेक्षा खरे सांगेल.

वायरलेसमुळे आवाजाचा दर्जा घसरतो, ही भीती मात्र अर्धीच खरी आहे. ब्लूटूथच्या मूळ एसबीसी पद्धतीत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट एवढीच माहिती जाते, तर सीडीवर ती १४११ किलोबिट असते. एलडॅक ही ब्लूटूथचीच दुसरी पद्धत ९९० पर्यंत पोहोचते, पण आयफोनमध्ये एलडॅक नाही. वाय-फायवरून वाजवताना ही अडचण उरत नाही. तिथे सीडीच्या दर्जाची संपूर्ण माहिती स्पीकरपर्यंत जाते, आणि ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेले, संगीत जादा पैसे न घेता दिलेले असल्यामुळे स्रोताचाही प्रश्न राहिलेला नाही. फक्त आपल्या इमारतींत प्रत्येक मजल्यावर चार-सहा राउटर चालू असतात आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत. तेव्हा ५ गिगाहर्ट्झवर चालणारा, किंवा नेटवर्कची केबल लावता येईल असा स्पीकर पाहावा.

माझा खरा आक्षेप या यंत्रांच्या आयुष्याबाबत आहे. तुमच्या ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर येऊ लागली, तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात कोणीतरी तो भाग साफ करून किंवा बदलून देतो, आणि तोपर्यंत सीडी प्लेयर व स्पीकर धडधाकट असतात. एकाच पेटीत सगळे असले की एक बोर्ड गेल्यावर सगळेच जाते. त्यातच ही यंत्रे सॉफ्टवेअरवर जगतात. बोवर्स अँड विल्किन्सचा झेपेलिन हा स्पीकर २००७ मध्ये आयपॉड बसवायच्या डॉकसह आला, तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले. २०१२ मध्ये ॲपलने जोडणीच बदलली आणि त्या सुंदर पेटीचा डॉक निरुपयोगी होत गेला. सोनोस या वायरलेस स्पीकर बनवणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२० मध्ये आपल्या काही जुन्या उपकरणांना नव्या सुधारणा मिळणार नाहीत असे जाहीर केले, मे २०२४ मध्ये नव्या ॲपवरून ग्राहकांचा रोष ओढवून घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. आवाज देणाऱ्या भागात काहीही बिघडलेले नसताना गाणे लागत नाही, हा प्रकार आपल्या पिढीला नवाच आहे. स्पीकरला साधी ऑक्स, म्हणजे तार खोचण्याची, जोडणी असावी, असा माझा आग्रह त्यासाठीच आहे. ॲप गेले तरी तार राहते.

माझ्या माहीमच्या घरी बेडरूममध्ये एक लहान वायरलेस स्पीकर आहे आणि सकाळच्या बातम्या, पॉडकास्ट, भक्तिसंगीत यांसाठी मी त्याच्यावर पूर्ण समाधानी आहे. हॉलमध्ये मात्र जुने स्पीकर तसेच ठेवून त्यांच्यामागे एक छोटा स्ट्रीमिंग ॲम्प्लिफायर लावला आहे. तुम्हालाही मी हेच सुचवीन. विम ॲम्प किंवा ब्लूसाउंड पॉवरनोड यांसारखे यंत्र जाडजूड पुस्तकाएवढी जागा घेते, वाय-फायवरून गाणी वाजवते, आणि एचडीएमआय केबलने टीव्हीलाही जोडता येते. टीव्ही मध्ये, स्पीकर त्याच्या दोन बाजूंना, अशी मांडणी झाली की घरच्यांच्या तक्रारीलाही जागा राहत नाही, कारण बातम्या आणि मालिकाही त्याच स्पीकरमधून स्पष्ट ऐकू येतात. जुने स्पीकर द्यायचेच असतील, तर निदान केईएफ एलएसएक्स टूसारखी दोन पेट्यांची वायरलेस जोडी घ्यावी. मात्र तिच्या दोन्ही पेट्यांना विजेची जोडणी लागते, म्हणून इलेक्ट्रिशियनचे काम संपण्यापूर्वीच पॉइंट काढून घ्यावेत.

त्याआधी जुन्या स्पीकरची तपासणी करा. जाळी काढून वुफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरच्या, कडेची मऊ पट्टी बोटाने अलगद दाबून पाहा. ती रबराची असेल तर बहुधा चिंता नाही. फोमची असेल, तर मुंबईच्या दमट हवेत इतक्या वर्षांत तिचा चिकट भुगा झालेला असण्याची शक्यता बरीच आहे. पट्टी बदलून मिळते, त्यासाठी स्पीकर टाकून देण्याचे कारण नाही. मागच्या तारांच्या टोकांवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट थर चढलेला असतो. तेवढा तुकडा कापून तार नव्याने सोलावी.

राहता राहिला रेकॉर्ड प्लेयर. त्याच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या भागातून, मिलिव्होल्टमध्ये, साधारण पाचाच्या आसपास, संकेत येतो, तर सीडी प्लेयर दोन व्होल्ट देतो. म्हणून जुन्या ॲम्प्लिफायरवर हा दुबळा संकेत वाढवून घेणारी फोनोची वेगळी जोडणी होती. वर सांगितलेल्या दोन्ही यंत्रांवर ती नाही, आणि बहुतेक वायरलेस स्पीकरवरही नसते. रेकॉर्ड ऐकणे चालू ठेवायचे असेल, तर मध्ये एक फोनो प्रीॲम्प लावावा लागेल. तो तळहाताएवढा असतो आणि रेकॉर्ड प्लेयरमागे सहज बसतो. तुमच्या रेकॉर्ड प्लेयरमध्ये तो आधीच असेल, तर मागच्या बाजूला फोनो आणि लाइन अशी कळ सापडेल. ती लाइनवर ठेवली की दुसरे काही घ्यावे लागणार नाही.