‘बरी आहे’ म्हणणाऱ्या मुलीला पुढे काय विचारायचं?

स्वतःच्या घरी राहता न येणाऱ्या मुलाला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या आदेशाने दुसऱ्या कुटुंबात, म्हणजे ‘पालक कुटुंबात’, सांभाळायला ठेवतात. या प्रतिपालकत्वावर, म्हणजेच फोस्टर केअरवर, आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहोत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. बहुतेक पत्रं मोठ्यांची आहेत आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच : मूल काही सांगतच नाही. मुलाने स्वतः लिहिलेलं पत्र एकच आलं. ते दुसऱ्या क्रमांकावर आहे.

आमच्याकडे आठ महिन्यांपासून बालगृहातून आलेली तेरा वर्षांची मुलगी राहते. संरक्षण अधिकारी मॅडम आल्या की तिला कशी आहेस विचारतात. ती ‘बरी आहे’ एवढंच म्हणते. परवा गादी झटकताना खाली चार पोळ्या आणि बिस्किटांचा पुडा सापडला. आम्ही तिला पोटभर वाढतो, फ्रिजला कुलूप नाही. तिला आमचं घर आवडत नाही का?

पोळ्यांचा तुमच्या वाढण्याशी संबंध नाही. बालगृहात जेवण ठरलेल्या वेळेला मिळतं, मधेच भूक लागली म्हणून कुणी स्वयंपाकघरात शिरत नाही. त्याआधी स्वतःच्या घरी उपाशी झोपायची वेळ आली असेल, तर उद्याची सोय आजच करून ठेवायची सवय अंगी मुरते. फ्रिजला कुलूप नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तिने तो कुणाला न विचारता कधी उघडला आहे का, ते आठवून पाहा.

तिच्या नावाचा एक झाकणाचा डबा तिच्या कपाटात ठेवा. त्यात चणे, गूळ, शेंगदाण्याचे लाडू, बिस्किटं असं टिकणारं काहीतरी असू द्या. आठवड्यातून दोन वार ठरवून तो तिच्यासमोर भरा. लवकर रिकामा झाला तरी ‘एवढ्यात संपलं?’ म्हणू नका. गादीखालच्या पोळ्या तिच्या नकळत उचलू नका, ती मग नवी जागा शोधेल. ‘पोळी शिळी होते, डब्यातलं टिकतं,’ एवढं सांगून काढा. पाहुण्यांसमोर हा विषय नको. आणि सर्वांत जास्त बिघडतं ते डब्याचं बक्षीस केल्याने : ‘अभ्यास झाला की भरते’ असं एकदा जरी म्हटलंत, तरी खाणं पुन्हा कुणाच्या तरी मर्जीवर गेलं. हे लपवणं बहुधा हळूहळू कमी होतं. परीक्षा, घरात लग्नकार्य, आईची भेट अशा दिवसांत पुन्हा डोकं वर काढतं, तेव्हा घाबरू नका. मात्र एका बैठकीत खूप खाऊन ती उलट्या करत असेल किंवा वजन भराभर बदलत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता ‘बरी आहे’विषयी. मॅडमना सांगितलेलं कागदावर जातं आणि कागदावर गेलं की घर बदलतं, असा हिशेब अशा मुलांच्या मनात असतो. त्यात प्रश्न विचारला जातो दिवाणखान्यात, तुम्ही चहाचा ट्रे घेऊन येत असताना. तिथे दुसरं उत्तर येणार तरी कसं? पालक कुटुंबाची दरमहा पाहणी व्हावी असं बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मध्ये आहे. त्या भेटीतला निदान अर्धा तास मुलीला एकटीला द्या, असं तुम्हीच अधिकाऱ्यांना सुचवा. गच्चीवर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालता चालता बोलणं समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं.

प्रश्नही असे हवेत की एका शब्दात संपणार नाहीत. घराचा नकाशा काढायला सांगा : कुठे बसायला आवडतं, कुठे जायचं टाळतेस? रात्री जाग आली तर कुणाला उठवशील? पाळी आली की पॅड कुणाकडे मागावे लागतात? घरातल्या ताईला जे विचारावं लागत नाही, असं तुला काय काय विचारावं लागतं? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक मुलांकडे उत्तर तयार असतं. घराला दहापैकी किती गुण, हेही विचारता येतं. ती सहा म्हणाली तर ‘सहाच का?’ नको, ‘सात व्हायला काय लागेल?’ विचारा. उत्तर बहुधा अगदी छोटं येतं : कपाटाला कडी, रविवारी उशिरा उठणं, फोटोत मलाही घ्या.

दोन अटी पाळल्या नाहीत तर यातलं काहीच चालत नाही. एक, मारहाण किंवा अत्याचाराची गोष्ट निघाली तर ती गुप्त ठेवता येणार नाही, हे अधिकाऱ्यांनी बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगायचं. दोन, तिने सांगितलेल्यांपैकी निदान एक गोष्ट पुढच्या भेटीआधी बदललेली दिसायला हवी. तशी दिसली नाही, तर पुन्हा ‘बरी आहे’च ऐकायला मिळेल.

मी १६ वर्षांचा आहे. मला पालक कुटुंबात ठेवलं, बहीण बालगृहातच राहिली. घरचे चांगले आहेत म्हणून तक्रार करायला लाज वाटते. पण बहिणीला भेटायचं आहे. मी स्वतः समितीला सांगू शकतो का?

हो, सांगू शकतोस. आणि ही तक्रार नाही, मागणी आहे. घर चांगलं असणं आणि बहिणीची आठवण येणं एकाच वेळी खरं असू शकतं. मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हे अधिनियमाच्या कलम ३ मध्येच लिहिलं आहे. भावंडांना एकत्र ठेवण्याचा पूर्ण प्रयत्न करावा, असं कलम ४४ सांगतं.

एका पानाचा साधा अर्ज लिही. ‘मा. अध्यक्ष, बाल कल्याण समिती’ आणि जिल्ह्याचं नाव. खाली तुझं नाव, जन्मतारीख, तुला या घरी ठेवलं त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख. क्रमांक माहीत नसेल तर घरच्यांकडून आदेशाची प्रत माग. मग मागणी, मोजता येईल अशी : दर पंधरा दिवसांनी रविवारी दोन तास भेट, दर आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, आणि दोघांना एकाच घरी ठेवता येईल का याचा विचार. ‘बहिणीला भेटू द्यावे ही विनंती’ एवढंच लिहिलंस, तर दिवाळीत एक भेट होईल आणि अर्ज निकाली निघेल. अर्जाच्या दोन प्रती कर, दुसरीवर तारखेसह पोहोच घे. समितीचं कामकाज महिन्यातून किमान वीस दिवस चालावं असा नियम आहे, तेव्हा ‘पुढच्या महिन्यात ये’ म्हणाले तर लगेचची तारीख माग. उत्तरच आलं नाही तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन कर. लेखी नकार मिळाला तर ३० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

मुलाने आम्हाला आई-बाबा म्हणावं का?

त्याने ठरवावं. काका-मावशी म्हणाला तर त्यात कमी काही नाही. आई हयात असलेल्या मुलाला दुसऱ्या बाईला आई म्हणणं फितुरीसारखं वाटू शकतं. शाळेतलं नाव आणि आडनाव बदलायचं नाही, प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. सोसायटीत ‘हा कोण?’ विचारलं तर काय सांगायचं, ते मात्र त्याच्याबरोबर आधी ठरवा. ‘आमच्याकडे राहतो’ एवढं पुरतं.

नातेवाईक आमच्याकडच्या मुलासमोर म्हणाले, ‘याचे सरकारकडून पैसे मिळतात.’ तेव्हापासून तो जेवताना कमी वाढून घेतो.

हे त्याला तुमच्याकडून आधी कळायला हवं होतं. आता एका संध्याकाळी वही घेऊन बसा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली प्रतिपालकत्वासाठी दरमहा ४,००० रुपये असतात. फी, वह्या, कपडे, दवाखाना, दूध यांवर कुठल्या महिन्यात किती गेले ते त्याला लिहायला द्या. आकडे पाहिले की पैसे त्याच्यासाठी येतात, त्याच्यामुळे नाही, हे त्याचं त्याला दिसतं. दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतः चालवता येणारं बचत खातं काढता येतं. महिन्याला शंभर-दोनशे रुपये त्यात टाकायची जबाबदारी त्याच्याकडेच द्या.

नातू माझ्याकडे राहतो, राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. हे सगळं मला लागू आहे का, ताई?

आजी, कायद्याच्या भाषेत तुमचं घर प्रतिपालकत्वात बसत नाही, कारण ते नात्याबाहेरच्या कुटुंबासाठी आहे. पण विचारायचे प्रश्न तेच. फरक एवढाच की तुमच्या घरी मूल गप्प बसतं ते आजी रडेल म्हणून. आईचा विषय त्याने काढला तर डोळे पुसत का होईना, तिथेच बसून राहा.

दोन वर्षं झाली, मुलगी दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे. आम्ही अर्ज करणार होतो तर ती नाही म्हणाली. फार लागलं मनाला.

लागणारच. प्रतिपालकत्वाविषयीच्या केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी पालक कुटुंबाला दत्तक घेण्याआधीची मुदत पाच वर्षांवरून दोनवर आणली, त्यामुळे हा प्रसंग आता जास्त घरांत येईल. पाच वर्षांवरील मुलाची संमती दत्तकविधानात आवश्यक आहे, म्हणजे तिच्या नकाराला कायद्यात वजन आहे. तो नकार तुम्हाला आहे की आडनाव बदलण्याला, आईचं दार कायमचं बंद होण्याला, की भाऊ मागे राहण्याला, हे तुमच्याशिवाय तिसऱ्या कुणीतरी, समुपदेशकाने, विचारावं. तुम्ही विचारलंत तर ती तुमचं तोंड पाहून उत्तर देईल. निदान सहा महिने विषय काढू नका, आणि तोवर घरातलं काहीही बदलू नका. नकारानंतर सहलीचा बेत रद्द झाला तर ती दोन्हींची सांगड घालणारच.

आमच्याकडची मुलगी १७ पूर्ण झाली. ‘पुढच्या वर्षी मी कुठे जाऊ?’ विचारते.

तुमचं उत्तर ‘इथेच’ असेल तर ते आजच, तारखेसकट सांगा : बारावीनंतरही, कॉलेज संपेपर्यंत. मनात नसेल तर खोटा दिलासा देऊ नका.

कागदांचं काम आत्ताच सुरू करा, त्यात एक खाच आहे. अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतर साधारण २१ वर्षांपर्यंत मिळणाऱ्या मदतीची, कायद्यातली व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांपुरती आहे. थेट पालक कुटुंबातून अठरा पूर्ण करणारी मुलं तिथे अडतात. ती आधी बालगृहात राहिली असेल तर त्या वास्तव्याचा दाखला आणि समितीचे सगळे आदेश मिळवा, अर्ज अठराव्या वाढदिवसाआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्या. आईवडील दोघेही हयात नसतील तर अनाथ प्रमाणपत्र काढा, राज्यात शिक्षण आणि नोकरीतलं १ टक्का आरक्षण त्यावर मिळतं. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, पासबुक : मूळ प्रती एका फाइलमध्ये, आणि ती फाइल तिच्या कपाटात.