जुनी कॉन्टेसा घाटात फार झुकते, कडक स्प्रिंग टाकून खाली घेऊ का?

तुम्ही विचारलंय की घरची जुनी कॉन्टेसा क्लासिक आहे, घाटात वळणावर एका अंगाला झुकते, तर कडक स्प्रिंग टाकून दोन इंच खाली घेतली तर रोडवर धरून चालेल का, आणि खर्च किती येईल. खाली घेऊ नका. निदान पहिलं काम ते करू नका. आमच्या घरात हाच वाद बरीच वर्षं चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची गाडी तात्यांनी एका साखर कारखान्याच्या संचालकांकडून घेतली. १.८ लिटरचं इसुझू इंजिन, पाच गिअर. आपल्याकडे मसल कार म्हणावी अशी हीच एक. हिंदुस्थान मोटर्सनी १९८४ च्या सुमारास आणली, २००२ पर्यंत बनवली. मूळ गाडी १९७० च्या दशकातली इंग्लंडची व्हॉक्सहॉल. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मांवर धरलेलं. मागे अखंड हौजिंग, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर, आणि कॉइल स्प्रिंग. ही रचना अजिबात वाईट नाही. जी कॉन्टेसा आज झुकते, डुलते, ती बहुतेक वेळा म्हातारं रबर आणि मेलेले शॉकअप यांमुळे.

हे आमच्या दाजींना मान्य नाही. दाजी सांगलीचे. गाड्यांचा नाद दांडगा, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. मी नोकरीला पुण्यात असताना त्यांनी तात्यांना पटवून गाडी सांगलीला नेली आणि ओळखीच्या माणसाकडून चारही स्प्रिंगांचे वेढे ग्राइंडरनं कापून आणले. शॉकअप जुनेच ठेवले. गाडी दिसायला देखणी झाली, यात वाद नाही.

पुढच्या सुट्टीत आम्ही कासला गेलो. येताना यवतेश्वरच्या घाटात, पावसानं उखडलेल्या डांबराचं ठिगळ नेमकं वळणाच्या पोटात आलं. खालून धाडकन आवाज झाला, मागची चाकं उडाली आणि गाडी हातभर बाहेर सरकली. समोरून एसटी येत नव्हती म्हणून निभावलं. तात्यांनी डॅशबोर्डला धरलेला हात सातारा येईपर्यंत सोडला नाही. दाजी मागून म्हणाले, "पावणं, रस्ता खराब हाय, त्याला गाडी काय करंल? झुकायची बंद झाली का न्हाई?"

झुकायची बंद झाली होती, कारण चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती. स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती कडक होते हे बरोबर, पण चाकाचा प्रवासही तेवढाच कमी होतो. वळणात बाहेरचं चाक आधीच दबलेलं असतं. त्यात खड्डा आला की आर्म थेट बंप स्टॉपच्या, म्हणजे चाकाचा प्रवास संपतो तिथल्या, रबरावर आपटतो, त्या क्षणी तिथे स्प्रिंग नसल्यातच जमा, आणि टायर पकड सोडतो. शिवाय वाढलेला कडकपणा आवरायला शॉकअपमध्ये दम लागतो, तो जुन्यात कुठला?

मी गाडी कोरेगाव रोडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी जॅक लावून गाडी उचलली आणि मागची स्प्रिंग नुसत्या हातानं गोल फिरवून दाखवली. चाक लोंबकळलं की स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल पडत होती. मग पुढच्या लोअर आर्मच्या बुशात, म्हणजे आर्म गाडीला जोडतो तिथल्या रबरी सांध्यात, टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबली. आर्म बोटभर मागे-पुढे झाला. बुशाचं रबर चिरून मधली नळी एका बाजूला जाऊन बसली होती. म्हणजे ब्रेक मारला की पुढच्या चाकाचा कोनच बदलत होता. मिस्त्री एवढंच म्हणाले, "ह्ये बगितल्याबिगार स्प्रिंगला हात लावायचाच न्हाई."

मूळ मापाच्या स्प्रिंगा परत बसवल्या. पुढचे बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरातून पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरापेक्षा कडक, करून आणले, मागे मात्र रबराचेच ठेवले. हे लक्षात ठेवा. अखंड हौजिंगला एक चाक वर, एक खाली जाताना पिळायला मुभा लागते. मागच्या आर्मना चारही ठिकाणी कडक बुश घातले तर ते आपसात अडकतात आणि गाडी वळणात अचानक सुटते. बॉल जॉइंट, चारही शॉकअप आणि शेवटी अलाइनमेंट. त्याच वळणावर गाडी आता थोडी झुकते आणि रेघ सोडत नाही.

दाजी अमेरिकेचं उदाहरण देतात, की तिकडे फोर्ड मस्टँगवाले सगळे गाडी खालीच घेतात. मग मस्टँगचंच बघू. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये पुढच्या वरच्या आर्मचा पिव्होट साधारण एक इंच खाली घेतला होता. गाडी झुकली तरी बाहेरचा टायर रस्त्यावर जास्तीत जास्त सपाट बसावा, यासाठी आर्मचा कोन बदलला. नुसती स्प्रिंग कापून हे होत नाही, बऱ्याचदा उलटंच होतं. डबल विशबोनची गाडी खाली बसवली की रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, बॉडीपेक्षा जास्त खाली जातं, म्हणजे वळणात झुकवणारा जोर वाढतो. वाढवलेल्या कडकपणातला बराचसा भाग तोच जोर आवरण्यात जातो. दाजी, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

एवढं करूनही झुकणं खटकलं, तर पुढचा अँटिरोल बार, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आर्मांना जोडून झुकणं आवरणारी सळई, जाड करा. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २० मिलीमीटरचा बार २२ केला तरी तो जवळपास दीडपट कडक होतो, म्हणून उगाच जाडजूड टाकू नका. पुढचा फार कडक केला तर गाडी वळायला नको म्हणते, मागचा केला तर शेपूट टाकते. स्प्रिंग बदलायचीच असेल तर हव्या त्या मापाची नवीन वळवून घ्या आणि शॉकअप तिला जुळणारे घ्या. कापलेली नको, गॅसनं तापवून दाबून आखूड केलेली तर मुळीच नको. तापवली की पोलादाचं पाणीच जातं.

खर्चाचा आकडा सांगत नाही, टॉमी लावून काय काय गेलंय ते कळेपर्यंत त्याला अर्थ नाही. टायर जुने असतील तर बाकी सगळ्याच्या आधी ते बदला, हे वरच लिहायला हवं होतं. तुम्ही सपाट हायवेवरच चालवत असाल आणि फक्त दिसण्यासाठी खाली हवी असेल, तर एखादा इंच, नीट बनवलेल्या स्प्रिंगवर, चालून जाईल. पण मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारा. गाडीत फेरफार करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि अपघात झाला तर विमावाले खाली वाकून बघतात. आणि पुढची स्प्रिंग घरी काढायला जाऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. ज्या गॅरेजात स्प्रिंग कॉम्प्रेसर नाही तिथे हे काम देऊ नका.