अर्ध्या तासाची ट्रायल फेल गेली म्हणजे नेमकं काय झालं?

तुमच्या बाबांना न्यूमोनियामुळे सहा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलंय, काल अर्ध्या तासाची ट्रायल (मशीनची मदत काढून स्वतःचा श्वास घेता येतो का हे पाहणारी चाचणी) घेऊन मशीन पुन्हा पूर्ववत केलं, आणि तुमचा प्रश्न असा की 'रोज थोडं थोडं कमी का करत नाहीत, एकदम का काढून बघतात?' आयसीयूत बरीच वर्षं काढल्यावर सांगते, हा प्रश्न जवळपास प्रत्येक नातेवाईक विचारतो.

पूर्वी तसंच करायचे. मशीन मिनिटाला देतं ते श्वास बारावरून दहा, दहावरून आठ. 1995 साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. 546 रुग्णांची दोन तासांची पहिली चाचणी घेतली, त्यात 416 जणांची नळी (तोंडातून श्वासनलिकेत घातलेली, मशीनला जोडलेली) काढता आली. दमलेल्या 130 जणांवर वेगवेगळ्या पद्धती वापरल्या. मशीनचे श्वास कमी करत नेण्यापेक्षा दिवसातून एकदा स्वतःचा श्वास घ्यायला लावून पाहणाऱ्या पद्धतीत नळी सुमारे तिप्पट लवकर निघाली, प्रेशर सपोर्ट (रुग्णाच्या प्रत्येक श्वासाला मशीन देतं तो जोर) उतरवत नेण्याच्या तुलनेत दुप्पट. दिवसातून अनेकदा चाचणी घेऊनही वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे काल जे झालं ती एक परीक्षा होती, आणि आज पुन्हा बसता येते. मधल्या वेळेत दमलेल्या स्नायूंना पूर्ण विश्रांती हवी, म्हणूनच मशीन पूर्ववत केलं. याला कोणी 'मागे गेले' म्हणालं तर मनावर घेऊ नका.

तरी नुसतं 'उद्या बघू' हे उत्तर मला पटत नाही. ट्रायल का फेल गेली, हे विचारा. श्वास उथळ आणि भरभर झाले का? मिनिटाला 35 श्वास आणि प्रत्येकी 250 मिली, म्हणजे 0.25 लिटर हवा असेल तर 35 भागिले 0.25 म्हणजे 140. हा आकडा 105 च्या वर गेला की नळी काढणं सहसा जमत नाही. पण आकडा हे निम्मंच उत्तर. कफ फार आहे का? हृदयावर ताण आला का? मशीनचा दाब सुटला की छातीकडे जास्त रक्त परततं, आणि आधीच अशक्त हृदय असेल तर फुप्फुसात पाणी भरतं. अशा पेशंटला लघवी वाढवणारं औषध देऊन पुन्हा ट्रायल घेतली की बऱ्याचदा तोच माणूस पास होतो. फॉस्फेट, पोटॅशियम कमी असेल तरी स्नायू साथ देत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न झोपेच्या औषधाचा. सकाळी ते थांबवून पेशंटला जागं करतात का, आणि त्याच वेळी ट्रायल होते का? 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात या जोडीमुळे रुग्ण मशीनशिवाय जास्त दिवस राहिले. अर्धवट गुंगीत घेतलेली ट्रायल मी तरी खरी मानत नाही. ट्रायलच्या वेळी तुम्हाला आत सोडत असतील तर बाबांचा चष्मा, कानाचं मशीन लावून द्या आणि काय होणार ते आधी त्यांना सांगा. घाबरलेला माणूस भरभर श्वास घेतो.

ट्रायल पास झाली म्हणजे लगेच नळी निघेलच असं नाही. खोकला जोरात येतो का, सांगितलेलं कळतं का, कफ किती वेळा ओढावा लागतो, हे सिस्टर बघतात. तरीही साधारण दहातल्या एकाला पुन्हा नळी घालावी लागते. ते वाईटच, अशा रुग्णांचा धोका वाढतो. पण जिथे कधीच कुणाला पुन्हा नळी लागत नाही, तिथे नळी काढायला उशीर होत असावा, असं माझं मत आहे.

गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालण्याचा, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमीचा विषय निघाला तर सहाव्या दिवशी घाई नको म्हणा. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत चार दिवसांत केलेल्या ट्रॅकिऑस्टॉमीने, दहा दिवस थांबण्याच्या तुलनेत, जास्त जीव वाचले नाहीत.

नळी निघाली की पहिले दोन दिवस लक्ष ठेवायचे. आवाज बसलेला असतो, गिळणं कच्चं असतं, म्हणून सिस्टरना विचारल्याशिवाय चमचाभर पाणीही देऊ नका. नाकातोंडावर बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) मास्क लावला तर घाबरू नका, बऱ्याचदा तो पुन्हा नळी लागू नये म्हणून आधीच लावतात.